शनिवार, आणि न आठवणारी रात्र

‘ताई, मी २९ वर्षांचा गे मुलगा. वर्षभरापासून शनिवारच्या पार्ट्यांना जातो. तिथे मेथ (क्रिस्टल मेथ) असतं, ‘जी’ (जीएचबी, प्यायचं नशेचं द्रव) असतं. परवाची अर्धी रात्र आठवतच नाही, कंडोम वापरला का तेही नाही. डॉक्टरांना काय तोंडानं सांगू? आणि खरं सांगायचं तर आता नशेशिवाय मला कुणाच्या जवळच जाता येत नाही.’

अरे, तुझं पत्र वाचून मी छपाईची वाट बघत बसले नाही. त्याच संध्याकाळी दोन ओळी पाठवल्या: आधी पीईपी, बाकीचं नंतर. तू गेलास, गोळ्या सुरू केल्यास, हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. इतर वाचणाऱ्यांसाठी सांगते. पीईपी म्हणजे असुरक्षित संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायची औषधं. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. ‘मला आठवत नाही’ एवढं सांगूनही डॉक्टरांकडे जाता येतं.

तिथे नशेचं नाव स्पष्ट सांग. तू काही चारित्र्याचा दाखला मागायला गेलेला नाहीस. एचआयव्हीच्या काही औषधांत रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट असतं, आणि त्यामुळे काही नशा नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चढू शकतात. शिवाय नुसत्या लघवीच्या तपासणीवर समाधान मानू नकोस. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे लैंगिक संसर्ग घशात किंवा गुदद्वारात गुपचूप बसलेले असतात, तिथलेही नमुने द्यायचे. सिफिलिससाठी रक्त. हेपटायटिस सी साठीही, कारण नाकात ओढायची नळी एकमेकांत फिरली तरी तो पसरू शकतो. पुढे प्रेपबद्दल, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या औषधांबद्दल, डॉक्टरांना विचार, पण प्रेप फक्त एचआयव्ही अडवतं, यातलं दुसरं काही नाही.

मला मात्र मेथपेक्षा ‘जी’ची धास्ती जास्त वाटते. मजेत असणं आणि बेशुद्ध पडणं यांत कधीकधी एखाद्या मिलिलिटरचाच फरक असतो, आणि वर दारू घेतली की श्वासच मंदावतो. ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून तशीच सोडलेली माणसं दगावली आहेत. हाका मारून उठत नसेल तर कुशीवर वळवायचं, रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत सोडून जायचं नाही.

आणि त्या न आठवणाऱ्या रात्रीबद्दल एक. शुद्धीत नसलेला माणूस ‘हो’ म्हणू शकत नाही. तुझ्यासोबत काही नकोसं घडलं असेल, तर ‘मीच घेतली होती ना’ म्हणून ते स्वतःवर ओढून घेऊ नकोस.

आता तुझं शेवटचं वाक्य. माझ्या मते खरं पत्र तेच आहे. मेथ मेंदूत डोपामिन या सुखाची जाणीव देणाऱ्या रसायनाचा असा पूर आणतं की नंतर साधा स्पर्श बेचव लागतो. ती चव परत येते, पण सावकाश. त्याखाली बहुतेक जुनी लाज असावी: पुरुष आवडतो हे फक्त नशेत स्वतःला कबूल करायची सवय. त्यावर समुपदेशक गाठ, तुझ्या गे असण्यावर ‘उपचार’ न सुचवणारा.

पीईपीच्या २८ दिवसांत चार शनिवार येतात. तेवढे पार्टीविना काढून बघ. (‘जी’ रोज घेत असशील तर एकदम बंद करू नकोस, ते धोक्याचं असतं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोड.) त्यातल्या एका संध्याकाळी आवडणाऱ्या कुणाशेजारी नुसता बस. काही घडलं नाही तरी चालेल. आणि चारातला एक शनिवार हुकला, तरी मला लिही.

— ताई