जळगाव ते मेलबर्न: खरे तास किती?

भाऊ, तुमचा प्रश्न रास्त आहे. मुंबई ते मेलबर्न सरळ अंतर सुमारे 9,800 किलोमीटर, म्हणजे बारा-साडेबारा तासांचं उड्डाण. मग तिकिटावर वीस तास का दिसतात?

कारण तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. रात्री 11:30 ला मुंबईहून निघालात की साडेपाच तासांनी सिंगापूर. आपल्याकडे पहाटेचे 5, तिथे सकाळचे 7:30. अडीच तास थांबून 10 ला निघालात आणि साडेसात तास उडालात, तर मेलबर्नला संध्याकाळचे 7:30. खरे तास साडेपंधराच, वरचे साडेचार घड्याळाचे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत मेलबर्नची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा पोचायला 8:30 वाजतात.

मार्ग निवडताना नकाशा बघा. सिंगापूरमार्गे 3,900 अधिक 6,030 किलोमीटर, सरळ रेषेपेक्षा जेमतेम दीडशे जास्त. दुबईमार्गे मात्र आधी 1,900 किलोमीटर पश्चिमेला जायचं आणि मग 11,600 किलोमीटर पूर्वेला यायचं. जळगावहून नागपूरला जायला आधी नाशिक गाठण्यातला प्रकार. तिकीट बरंच स्वस्त असेल तरच घ्या. ढोबळ हिशेब हवा असेल तर किलोमीटरला 850 ने भागा आणि धावपट्टी, चढ-उतार यांसाठी पाऊण तास मिळवा.

सगळ्यात कच्चा दुवा विमानाचा नाही, रेल्वेचा आहे. जळगाव ते मुंबई सव्वाचारशे किलोमीटर, सात-आठ तास. रात्री 11:30 च्या विमानासाठी 8 पर्यंत विमानतळावर हवं, म्हणून दुपारी 4 च्या आत ठाण्याला उतरवेल अशी गाडी धरा. तिथून सहारच्या विमानतळापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत दीड तास सहज जातो. जुलै-ऑगस्टमध्ये कसारा घाटात गाड्या रखडतात, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबई गाठा. जळगावहून विमानानं मुंबईला जायचं म्हणाल, तर देशांतर्गत सामानाची मर्यादा बहुधा 15 किलो असते. परदेशी तिकिटावर 30 किलो असले तरी वेगळ्या तिकिटाला ते लागू नाहीत.

मेलबर्नपर्यंतचं तिकीट एकाच पीएनआरवर घ्या. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय विमान कंपनी करते. दोन वेगळी तिकिटं असतील, तर चुकलेलं विमान तुमच्या खिशातून.

खाण्याच्या वस्तूंबाबत उतरण्याआधी भरायच्या ऑस्ट्रेलियाच्या प्रवेश कार्डावर ‘हो’ लिहा: कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला, पापड, सगळं. भरताची वांगी, केळी आणि पेरायचं बी घरीच ठेवा.

मुंबईच्या काउंटरवर बॅगेला लावलेली चिठ्ठी वाचल्याशिवाय हलू नका. तिच्यावर ‘एमईएल’, म्हणजे मेलबर्न, हवं. फक्त ‘एसआयएन’ असेल, तर बॅग सिंगापूरलाच उतरेल आणि तिथे इमिग्रेशन ओलांडून ती पुन्हा चेक-इन करावी लागेल. अडीच तासांत ते जमणं अवघड.