ती वही रद्दीत का घातलीत?

प्रश्न : मुलगा बारावी सायन्स, सीईटीला ९१ पर्सेंटाइल. सुट्टीभर द्वारका ते नाशिकरोड सिटीलिंकच्या बस कुठे किती वेळ अडकतात ते वहीत लिहीत होता. म्हणतो, मशीन लर्निंगने ट्रॅफिक सुधारणार, त्यासाठी सिव्हिल घेणार. मी वही रद्दीत घातली. त्याचा चुलतभाऊ कॉम्प्युटर करून चांगल्या पॅकेजवर आहे. याला समजवा.
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पर्सेंटाइलची मला काळजी नाही, वहीची आहे. कुणी न सांगता मुलगा उन्हात थांब्यावर उभा राहून नोंदी करतो आणि त्या तुम्ही रद्दीत घालता! अशाने आपलं काय चाललंय ते मुलं घरी सांगणंच सोडून देतात. त्याची माफी मागा. वही अजून घरात असेल तर त्याच्या हातात द्या. चुलतभावाचं पॅकेज त्याच्यासमोर पुन्हा काढू नका.

मशीन लर्निंग म्हणजे कॉम्प्युटर शाखाच, हा तुमचा समज चुकीचा आहे. बसमधला जीपीएस जागा आणि वेळ कळवत राहतो, त्यावरून रस्त्यावरचा वेग काढता येतो. पण बस कोंडीमुळे थांबली की प्रवासी घ्यायला, हे मॉडेलला, म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधायला शिकलेल्या प्रोग्रॅमला, आपोआप कळत नाही. थांब्यावरचा वेळ वेगळा काढावा लागतो. द्वारकेला मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग भेटतात. तिथे एका बाजूचा हिरवा सिग्नल लांबवला की दुसऱ्या बाजूची रांग वाढते. सिंहस्थाच्या पर्वणीला तर रस्तेच बंद किंवा वळवलेले असतात, एरवीच्या दिवसांवर शिकलेलं मॉडेल तेव्हा हमखास चुकतं. हे ओळखायला रस्ता कळावा लागतो. तो ट्रान्स्पोर्टेशन इंजिनिअरिंगमध्ये शिकवतात, आणि ती सिव्हिलचीच शाखा आहे. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि संख्याशास्त्र जोडीने शिकता येतं. दिल्लीने २०१८ मध्ये बसचा डेटा लोकांसाठी खुला केला, त्यावर त्याने आतापासून हात बसवावा.

वाट सरळ आहे : सिव्हिल, मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा, मग ट्रान्स्पोर्टेशनमध्ये एमटेक. पहिला पगार कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा बहुधा कमी असेल, हे त्याला स्पष्ट सांगा. नुसत्या मॉडेलने कोंडी फुटत नाही, हेही त्याने ऐकून ठेवावं. अंदाज बरोबर आला तरी बसला वाट करून देण्याचा निर्णय माणसांनाच घ्यावा लागतो.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा (कॅप) ऑप्शन फॉर्म त्यालाच भरू द्या. त्याआधी सिव्हिलचा चारही वर्षांचा अभ्यासक्रम दोघांनी मिळून वाचा. सर्व्हेइंग, काँक्रीट, माती हे सगळं शिकायची त्याची तयारी नसेल, तर बीएस्सी संख्याशास्त्र घेऊनही तो या कामाकडे येऊ शकतो.