दिवाळीच्या सुट्टीत घरच्यांसोबत काय वाचावं, काय बघावं आणि भेट काय न्यावी?

तुम्ही लिहिलंय की बंगळुरूहून आठ दिवस गडहिंग्लजला घरी चाललाय, घरी आई-बाबा, ब्याऐंशी वर्षांची आजी, दादा-वहिनी आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा, भाऊबिजेला ताई येणार, बजेट साधारण चार हजार, आणि दरवर्षी ड्रायफ्रूटचा बॉक्स नेऊन कंटाळा आलाय. उत्तर जरा लांबेल पण लिहितेच, कारण आमच्या घरी दिवाळी म्हणजे फराळाइतकंच वाचन, लहानपणापासून.

सगळ्यात आधी दिवाळी अंक घ्या, आणि एक घेऊन थांबू नका, चार-पाच घ्या. माझे वडील कराडला सरकारी ऑफिसात क्लार्क होते, पगार बेताचा, सगळे अंक कुठून परवडणार, मग ऑफिसातल्या आठ-दहा जणांनी ठरवलेलं की प्रत्येकाने वेगवेगळा एक अंक विकत घ्यायचा आणि चार दिवसांनी पुढच्याकडे द्यायचा. शेवटच्या पानावर पेन्सिलीने सगळ्यांची आडनावं लिहिलेली असायची, वाचून झालं की आपल्या नावापुढे टिक करायची. आमचा नंबर कधी कधी अगदी शेवटी यायचा, तोवर अंकाच्या कडा मऊ पडलेल्या, मधेच चकलीच्या तेलाचा डाग, कुणाच्या तरी पोराने शब्दकोडं अर्धं सोडवून ठेवलेलं, आणि तरीही अंक घरात आला की आई हात पुसून आधी व्यंगचित्रं बघायची, मग बाबा, मग आम्ही दोघी बहिणी भांडत. मार्गशीर्ष लागला तरी आमची दिवाळी चालूच असायची. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तिथून ही प्रथा धरतात, म्हणजे शंभरावर वर्षं झाली, आणि आजही शेकड्यांनी अंक निघतात हे मला फार मोठं वाटतं.

कुठले घ्यायचे तर घरात कोण काय वाचतं ते बघा. कथा-ललित वाचणारं कुणी असेल तर 'मौज', रहस्यकथा आवडणारं असेल तर 'धनंजय', आणि हसायला 'आवाज', त्याची ती खिडकीची चित्रं, पानातली खिडकी उघडली की आत वेगळंच चित्र, अजूनही पाहुण्यांसमोर उघडताना मजा येते. पुतण्यासाठी बालभारतीचा 'किशोर' आणि 'साधना' साप्ताहिकाचा बालकुमार अंक, हे दोन्ही डोळे झाकून घ्या. 'किशोर' १९७१ पासून निघतोय, म्हणजे कदाचित तुमच्या दादाने किंवा बाबांनीसुद्धा वाचला असेल, विचारून बघा, आणि जमलं तर त्याची वर्षाची वर्गणीच भरा, दर महिन्याला स्वतःच्या नावाने पोस्टाने काहीतरी येणं ही नऊ वर्षांच्या मुलाला भारी वाटणारी गोष्ट आहे. मोठे अंक आता स्वस्त राहिले नाहीत, एकेकाला तीनशे-चारशे पडतात, त्यामुळे गावातल्या वाचनालयाची दिवाळी अंक योजना आहे का ते बाबांना बघायला सांगा. बऱ्याच वाचनालयांत ठराविक पैसे भरले की दोन-तीन महिने पाहिजे तितके अंक बदलून वाचता येतात. बाबा रिटायर असतील तर ही फी भरणं हीच त्यांना भेट, रोज संध्याकाळी पायी जाऊन अंक बदलून आणणं, तिथे चार लोक भेटणं, घरी येऊन सांगणं, हे सगळं त्यात आलं.

आता पुस्तकं. इथे माझी एक चूक सांगते. मी आईला एका दिवाळीत माझी सगळ्यात आवडती कादंबरी दिली होती, सातशे पानांची, हार्डबाउंड, कौतुकाने पहिल्या पानावर दोन ओळी लिहून. फाल्गुनात गेले तर बुकमार्क तिसाव्या पानावर. आई दुपारी आडवी पडून वाचते आणि तिचं मनगट दुखायचं, ते पुस्तक तिला छातीवर धरताच येत नव्हतं, आणि मला वाईट वाटेल म्हणून ती बोललीही नाही. मला खरंच लागलं ते, कारण ती कशी वाचते हे मी आयुष्यभर बघत आलेली आणि दुकानात उभी राहून एकदाही आठवलं नाही. तेव्हापासून मी पुस्तक घेताना आधी माणूस डोळ्यासमोर आणते, तो कुठे बसतो, किती वेळ बसतो, चष्मा कुठला, उजेड किती, आणि मग लेखकाचा विचार करते. पुस्तक हातात घेऊन वजन बघते, टाइप केवढा आहे ते बघते.

त्यामुळे आजीला पुस्तक देऊ नका, तिला पुस्तक वाचून दाखवा. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. पहिला भाग १९३४ सालचा, पण भाषा अशी की ओट्यावर बसून कुणीतरी सांगतंय. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेली बाई, सोवळ्यापायी बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुवायला लावणारे तिचे वडील, पुढे नवरा ख्रिस्ती होतो आणि संसार दुभंगतो, काही वर्षांनी ती पुन्हा त्याच्याकडे जाते, आणि हे सगळं ती कुठेही रडगाणं न करता सांगते. मी माझ्या आजीला हे वाचून दाखवलंय, ती मधेच थांबवून तिच्या सासूच्या सोवळ्याच्या गोष्टी सांगायची आणि मग अर्धा तास पुस्तक मांडीवर तसंच. त्या अर्ध्या तासासाठीच वाचायचं. रोज रात्री जेवणानंतर सात-आठ पानं, बास, आठ दिवसांत संपणार नाही आणि संपायची गरजही नाही, उरलेलं वहिनी नाहीतर बाबा पुढे वाचतील.

ताईला ओवाळणीच्या ताटात पैसे घालालच, सोबत प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' द्या. लंपन नावाच्या मुलाच्या गोष्टी आहेत, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, बेळगावकडचं वातावरण आणि कानडी हेल असलेली मराठी. गडहिंग्लजच्या माणसाला तर ही भाषा लगेच ओळखीची वाटेल, पुण्या-मुंबईच्या वाचकाला जिथे अडखळायला होतं तिथे तुम्ही लोक हसाल. आवडलं तर पुढची तीन आहेत, 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर', म्हणजे पुढच्या तीन भाऊबिजांचीही सोय झाली. आणि तुमच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची, माणदेशातल्या धनगरवाडीवर शाळा चालवायला गेलेला तरुण मास्तर आणि शेवटी पडणारा दुष्काळ. बारीक पुस्तक आहे, परतीच्या बसमध्ये बसायच्या आधी सहज होईल. मी हे दर दोन-तीन वर्षांनी वाचते आणि दर वेळी त्यातल्या कारभारी आणि आयबू या माणसांपाशी जास्त वेळ थांबते.

सिनेमा एकच ठरवा, रोज एक असा घाट घालू नका, पाहुणे येतात, फोन येतात, कुणीतरी किचनमध्ये अडकतं. माझं मत 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'ला, परेश मोकाशींचा २००९ चा. दादासाहेब फाळके पहिला सिनेमा कसा बनवतात त्याची गोष्ट, लंडनहून कॅमेरा आणणं, वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपणं, बाई मिळेना म्हणून पुरुषाला तारामती करणं, आणि या सगळ्यात बायको-पोरं आनंदाने सामील. आजीपासून पुतण्यापर्यंत सगळ्यांना कळतो आणि दीड तासाच्या आसपास संपतो, हेही महत्त्वाचं, घरात तीन तास सगळे एका जागी बसत नाहीत. त्याच दिग्दर्शकाचा 'एलिझाबेथ एकादशी' पण छान, पंढरपूरची पोरं आणि त्यांची सायकल. 'किल्ला' मात्र मोठ्यांनी रात्री बघा. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा, अमृता सुभाषने आईचं काम केलंय, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात २०१४ मध्ये मुलांच्या ज्युरीचं बक्षीस मिळालं होतं त्याला. शांत आहे, पाऊस खूप आहे, आणि बघून झाल्यावर माणसं जरा वेळ बोलत नाहीत, म्हणून फराळ करत गप्पा मारत बघायचा हा सिनेमा नव्हे. एक करा, सगळे बसायच्या आधी सिनेमा टीव्हीवर कुठे मिळतो ते शोधून लावून ठेवा, नाहीतर शोधाशोधीत आजी झोपून जाते.

वहिनींचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. दिवाळीत घरातली सगळ्यात दमलेली व्यक्ती तीच असते, तेव्हा वस्तूपेक्षा आधी एक दिवस अनारसे-चकल्या गावातल्या बचत गटाकडून विकत आणा आणि तिला दुपार मोकळी द्या, मग त्या दुपारी वाचायला तिच्या आवडीचा अंक, तो मात्र तिलाच विचारून घ्या.

पुतण्याला अंकांसोबत किल्ल्याचं सामान न्या, रिमोटची गाडी नको. कुंभाराकडे मातीचे मावळे, सिंहासनावरचे महाराज, तोफा, वाघ मिळतात, पाच-सहाशेत भरपूर येतं. सोबत पन्नास ग्रॅम हळीव. वसुबारसेच्या आदल्या रात्री पोचताय म्हणालात ना, मग दुसऱ्या दिवशी सकाळीच दगड रचून त्यावर ओलं गोणपाट टाका, चिखल थापा, भिजवलेले हळीव वरून दाबून बसवा आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, लक्ष्मीपूजनाच्या सुमाराला डोंगर हिरवा दिसायला लागतो. निघायच्या आधी दादाला फोन करून माती आणि एक जुनं गोणपाट बाजूला ठेवायला सांगा, ऐन दिवाळीत या दोनच गोष्टी घरात सापडत नाहीत.