गच्चीवरच्या वायरलेस सेटच्या जुन्या बेस अँटेनाचा एसडब्ल्यूआर सारखा वरखाली होतोय, अँटेनाच बदलू का?

लगेच नवीन घेऊ नका. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर किती परत फिरते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. तुम्ही लिहिलंय की कोरड्या दिवशी १.३ असतो, पाऊस झाला की ३ च्या वर जातो आणि वारा सुटला की काटा नाचायला लागतो, यातच निम्मं उत्तर आलं. नुसतं ट्यूनिंग बिघडलं असतं तर रीडिंग वाईट आलं असतं, पण एका जागी राहिलं असतं. हलतंय म्हणजे कुठेतरी कॉन्टॅक्ट सुटतोय नाहीतर पाणी शिरलंय. मी ऐरोलीला राहतो, खाडी जवळच, इथल्या खाऱ्या हवेत डिशचे नटबोल्टसुद्धा धड राहत नाहीत, त्यामुळे माझा पहिला संशय कायम वरच्या कनेक्टरवर.

अँटेना सोडवा, केबलच्या वरच्या टोकाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावा, खाली कोणालातरी लो पॉवरवर पीटीटी (सेटचं बोलायचं बटण) दाबायला बसवा आणि तुम्ही वर केबल जागोजागी हलवत जा. काटा हलला तर दोष केबलचा किंवा कनेक्टरचा. अँटेना जोडलेला असताना मात्र त्याला हात लावून ट्रान्समिट अजिबात नको.

आता गंमत अशी की डमी लोडवर १.१ आला म्हणून केबल चांगली असं नसतं, पाणी प्यायलेली केबल पॉवर स्वतःच खाते आणि मीटर गोड आकडा दाखवतो. म्हणून वरचं टोक मोकळं सोडून खालून नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावून बघा (सेट लावू नका, त्याचे फायनल म्हणजे शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर जातील). टोक मोकळं असलं की चांगल्या केबलमधून जवळपास सगळी पॉवर परत येते, म्हणून इथे एसडब्ल्यूआरचा आकडा दणदणीत मोठा यायला पाहिजे. तो २ च्या आसपास असेल तर जवळपास ५ डीबी केबलमध्येच जातायत, म्हणजे २५ वॅटमधले जेमतेम आठ वर पोचतात.

कनेक्टर कापून केबलच्या आतली तांब्याची जाळी बघा. तांब्याचा रंग चकचकीत हवा, काळी पडली असेल किंवा हिरवा कळक चढला असेल तर थोडी थोडी मागे कापत जा, हातभर कापूनही काळीच निघाली तर केबल भंगारात. नवीन पीएल-२५९ कनेक्टर लावताना जाळीसुद्धा भोकांतून सोल्डर करा, २५ वॅटच्या इस्त्रीने ते होत नाही, ६० च्या वरची लागते. मग सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून खालून वर गुंडाळा, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाणी वरच्या वर ओघळतं, त्यावर साधी पीव्हीसी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. केबलला खाली एक झोळ (लोंबता वळसा, म्हणजे पाणी तिथूनच गळतं) द्यायला विसरू नका.

एवढं करूनही आकडा हलला तरच अँटेना उघडा. अँटेनाच्या फायबरग्लास नळीच्या बुडाशी पाणी निघून जायचं बारीक भोक असतं, ते मातीने बुजतं किंवा कोणीतरी हौसेने सील करून ठेवतं (आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी अँटेनात हेच निघतं), आत पाणी साचलं की ट्यूनिंग सरकतं. ते मोकळं करा, आतले स्क्रू घट्ट करा, सोल्डरला बारीक चीर आहे का बघा. उन्हाने फायबरग्लासचे धागे सुटले असतील तर हातमोजे घालून हलकं पॉलिशपेपर मारा आणि पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) वॉर्निश द्या, धातूची पूड असलेला चंदेरी रंग नको.

आणि मल्टिमीटरवर मधली पिन आणि बॉडी शॉर्ट दिसली तर घाबरू नका, बऱ्याच बेस अँटेनात मॅचिंग कॉइलमुळे डीसीला शॉर्टच दिसतं, तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघून घ्या.