प्रमुखाची मुदत: दोन वर्षं की चार?

प्रश्न: कॅनडातल्या मॅनिटोबा, सस्कॅचवान प्रांतांमधल्या फर्स्ट नेशन्सच्या (तिथल्या मूळनिवासी समाजांच्या) बातम्यांत त्यांच्या निवडून आलेल्या प्रमुखाची मुदत कुठे 2 वर्षं, कुठे 4 दिसते. खरं काय?

उत्तर: दोन्ही खरं. इंडियन अ‍ॅक्ट या मूळनिवासींविषयीच्या, 1876पासून चालत आलेल्या कॅनडाच्या कायद्याखाली निवडणूक झाली तर 2 वर्षं. इतक्या थोड्या काळात घरबांधणीचं काम मार्गी लागेतो पुन्हा प्रचार सुरू! म्हणून 2015 साली लागू झालेला ऐच्छिक कायदा आम्हाला मोलाचा वाटतो. एखाद्या नेशननं तो स्वीकारला की 4 वर्षं. अनेक नेशन्स मात्र स्वतःच्या प्रथेनुसार नियम ठरवतात, तेव्हा बातमी वाचताना आधी तेवढं तपासा. अशा बातम्यांसाठी विनिपेगहून 1999पासून चालणारी एपीटीएन ही मूळनिवासींची टीव्ही वाहिनी जरूर पाहा. क्री, डेने या त्यांच्या भाषा ऐकायच्या तर सस्कॅचवानचा एमबीसी रेडिओ.