फ्लाइटची वेळ बदलली? घाईने काही दाबू नका

अहो, घाबरू नका. तिकीट रद्द केलं तर चार्ज कापतील का, असं तुम्ही विचारलंय. पण तुमची इंदूर-पुणे फ्लाइट सकाळची रात्रीवर विमान कंपनीने नेली, तुम्ही नाही. मग कॅन्सलेशन चार्ज तुम्ही का सोसायचा? सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण रिफंड द्यावा, असा डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियमच आहे.

सध्या एवढंच सांभाळा:

- कंपनीच्या मेसेजमधल्या लिंकवर ‘अ‍ॅक्सेप्ट’ करू नका. नवी वेळ मान्य केली की रिफंड मागणं फार अवघड जातं.
- नेहमीचं ‘कॅन्सल’ बटणही नको. नवख्यांचे पैसे इथेच जातात, कारण तिकीट तुम्ही स्वतःहून रद्द केल्याची नोंद होते. वेळ बदलल्यावर वेगळा पर्याय मिळतो. इंडिगोत त्याला ‘प्लॅन बी’ म्हणतात. परत मिळणारी रक्कम वाचूनच पुढे जा.
- एजंटाकडून तिकीट काढलंय ना? पैसे बहुधा त्याच्यामार्फतच येतील. त्याला आजच फोन करा.

क्रेडिट शेल (म्हणजे पैसे परत न देता पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवणं) गळ्यात मारू पाहिलं तर स्पष्ट नाही म्हणा, तो निर्णय प्रवाशाचा असतो. आणि गूगलवर सापडलेला कस्टमर केअर नंबर अजिबात लावू नका, त्यात फसवणारे फार आहेत.

माझं मत विचाराल तर रिफंडआधी पुण्याला जायची दुसरी सोय पक्की करा. लग्नसराईत नवं तिकीट खूप महाग पडतं. त्याच कंपनीची दुसऱ्या दिवशीची फ्लाइट फुकटात बदलून मिळाली तर तीच घ्या.

कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. ग्राहक आयोगाचं नंतर बघू.