पहिली फुल मॅरेथॉन पळताना नवखे लोक कोणत्या चुका करतात?

तुम्ही जळगावचे, दोनदा २१ किलोमीटर पळालेले, आणि जानेवारीत मुंबईला पहिल्यांदा पूर्ण ४२ पळणार आहात. कोणत्या चुका टाळू, असं विचारलंय. मी धुळ्याचा, किराणा दुकानदार. पहिल्या मॅरेथॉनमध्ये बहुतेक सगळ्या चुका करून झाल्या आहेत, तेव्हा उत्तर द्यायला हरकत नाही.

सगळ्यात महाग पडली ती सुरुवातीची घाई. साडेचार तासांत संपवायचं ठरवलं होतं, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद. पण पहाटेचा अंधार, आजूबाजूला हजारो माणसं, आराम खाल्लेले पाय. घड्याळ किलोमीटरला ५:४५ मिनिटांचा वेग दाखवत होतं आणि मला वाटलं, आज आपलाच दिवस! पहिले १० किलोमीटर साडेसत्तावन्न मिनिटांत झाले. साडेसहा मिनिटं कमावली म्हणून खूश.

दुकानात उधारी लिहिताना असंच होतं. लिहिताना काही वाटत नाही, हिशेब नंतर येतो. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, जो साठा असतो, तो बऱ्याच जणांचा ३० किलोमीटरच्या पुढेमागे आटतो. वेग वाढवला की शरीर चरबी कमी आणि हा साठा जास्त जाळतं, म्हणजे आटायची वेळ अलीकडे येते. ३२ नंतर माझे पाय नुसते जागच्या जागी उचलत होते. त्यात परतीला पेडर रोडचा चढ. शेवटच्या दहा किलोमीटरला जवळजवळ दोन तास लागले, एकूण ५ तास २३ मिनिटं. पुढच्या वेळी पहिले ५ किलोमीटर मुद्दाम ६:४० नं पळालो. पोट सुटलेले काका लोक ओलांडून जात होते, लाज वाटत होती. त्यातले बरेच जण ३४व्या किलोमीटरला परत भेटले, कंबरेवर हात ठेवून चालताना.

दुसरी चूक दिवाळीतली. तुमचा धंदा असेल तर तुम्हालाही ती भोवेल. सीझनमध्ये तीन आठवडे पळणं बंद पडलं. भाऊबीज झाली आणि मी वसुलीला निघालो: आठवड्याला ३० किलोमीटर पळणारा माणूस एकदम ६० वर. नकाणे तलावाच्या रस्त्याला रोज पहाटे पळताना बघून एक म्हातारेबाबा विचारायचे, "तुना मांगे कोन लागेल शे रे?" माझ्यामागे कॅलेंडर लागलं होतं. दहाव्या दिवशी नडगी इतकी दुखायला लागली की दुकानाच्या पायऱ्या चढवेनात. बुडालेलं पळणं बुडालं, ते भरून काढायचं नसतं. जिथे सोडलं त्याच्या थोडं अलीकडून हळूहळू वाढवायचं, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी पळायचं. सगळ्यात लांबचं पळणं ३० ते ३२ किलोमीटरचं, तेही शर्यतीच्या तीन आठवडे आधी. शेवटच्या आठवड्यात "जमतंय का बघू" म्हणून २५ पळू नका. मी पळालो होतो.

आता खास आपल्या खान्देशी लोकांची चूक. आपल्याला वाटतं, मे महिन्यात ४५ डिग्री काढणाऱ्याला मुंबईची जानेवारी काय करणार? पण आपली हवा कोरडी. घाम अंगावर मिठाचा पांढरा थर ठेवून उडून जातो आणि अंग थंड होतं. मुंबईच्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळतो. शिवाय मी सराव केला डिसेंबरच्या पहाटे, धुळ्याचा पारा दहाच्या खाली असताना. शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी तुमच्या मेहरूण तलावावर ऊन चढल्यावर पळा, अंगाला सवय लागते. आणि ठरवलेला वेग त्या दिवशीची हवा बघून थोडा उतरवा.

खाण्याबद्दल काय सांगू! आदल्या रात्री मामेबहिणीकडे उतरलो, तिनं माहेरचा माणूस आला म्हणून काळ्या मसाल्याची शेवभाजी केली. दोन वाट्या ओरपल्या. १४व्या किलोमीटरला फिरत्या शौचालयासमोर सात मिनिटं रांगेत उभा होतो. आता आदल्या दिवशी फक्त वरण-भात किंवा मुगाची खिचडी, तिखट नाही, भाजी-भाकरीही नाही. पळताना तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं, आणि भूक लागायची वाट न बघता पहिल्या तासापासून. रावेर-यावलच्या केळ्यांच्या गावात राहून पळताना खायच्या एनर्जी जेलवर पैसे घालवायचे की नाही ते तुम्ही ठरवा. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम मिळतं, फक्त खिशात त्याचं शिकरण होतं. जे खाल ते आधी सरावात खाऊन बघा.

पाणी जास्त पिणं हीसुद्धा चूक आहे, हे मला फार उशिरा कळलं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी निघालं. बहुतेक कारण गरजेपेक्षा जास्त पाणी. प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायची गरज नाही. तहान लागेल तसं प्या, मधूनमधून मीठ-साखरेचं. आणि मळमळतंय, डोकं जड झालंय, बोटं सुजली आहेत असं वाटलं तर आणखी पाणी न ढोसता वैद्यकीय तंबू गाठा. दुखतंय म्हणून शर्यतीच्या आधी किंवा मधे वेदनाशामक गोळीही नको, मूत्रपिंडावर ताण येतो.

बूट आदल्या दिवशी नवे घेऊ नका, एवढं तर सगळेच सांगतात. बनियन सुती नको हे कोणी सांगत नाही. छातीवर रक्ताचे दोन डाग घेऊन मी पदक घातलेला फोटो काढलाय, बायकोनं तो फ्रेम करू दिला नाही. स्तनाग्रांना चिकटपट्टी लावा, मांड्यांना व्हॅसलीन.

आणि परतीचं तिकीट लोअर बर्थचं काढा. माझा अप्पर होता. खालच्या आजींनी दोन मिनिटं माझी धडपड बघितली, मग आपलं गाठोडं बाजूला सरकवलं, आणि मी चाळीसगावपर्यंत त्यांच्या पायथ्याशी बसून आलो.